मॅलॅट-वन कॅन्सर पसरवतो की रोखतो? दोन उलट पेपर समोर असताना काय करायचं

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणारी मुलगी पुण्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिझर्टेशनचा विषय मिळालाय ‘स्तनाच्या कर्करोगात मॅलॅट-वन या लाँग नॉन-कोडिंग आरएनएची भूमिका’. वाचायला बसली तर २०१६चा एक पेपर म्हणतो, उंदरातला मॅलॅट-वन घालवला की कॅन्सर पसरणं कमी होतं. २०१८चा दुसरा म्हणतो, घालवला की पसरणं वाढतं. उंदराचं मॉडेल एकच, दोन्ही प्रयोगशाळा नावाजलेल्या. गाइड म्हणतात, ‘ऑन्कोजीन (कॅन्सर घडवणारं जनुक) म्हणून लिहून टाक.’ तिचा प्रश्न: विश्वास कोणावर ठेवू? आणि जाता जाता आणखी एक: मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे, तिच्या रिपोर्टात मॅलॅट-वन तपासलेलाच नाही, तो बाहेरून करून घ्यावा का?

मी पुण्यातच आरएनएवर काम करतो, बरीच वर्षं. कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांतला आरएनए काढायचा, मोजायचा, बंद पाडून बघायचा, हा रोजचा उद्योग. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मावशींबद्दल शेवटी बोलेन ते तेवढ्यापुरतंच.

तुमच्या प्रश्नात ‘विश्वास’ हा शब्द आहे तो आधी बाजूला ठेवा. दोन्ही पेपरांत जे दिसलं ते खरंच दिसलं असं धरून चालायला काही हरकत नाही. अडचण अशी आहे की दोन्ही ठिकाणी ‘मॅलॅट-वन घालवला’ असं एकच वाक्य लिहिलेलं असलं, तरी प्रत्यक्षात घालवलेली गोष्ट एक नाही. त्यामुळे विचारायचे प्रश्न तीन: नेमकं काय काढलं? कुठल्या पेशीतून, कुठल्या प्राण्यातून काढलं? आणि काढलेलं परत घातल्यावर परिणाम उलटला का? लाँग नॉन-कोडिंगच्या कुठल्याही पेपरला हे तीन प्रश्न लावले की निम्मी धूळ खाली बसते.

थोडी पार्श्वभूमी, भरभर. माणसाच्या जीनोममधला प्रथिनांची कृती सांगणारा भाग जेमतेम दोन टक्के आहे. प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २० हजार. पण पेशी याच्या कितीतरी पट भागाची आरएनए-प्रत काढते, आणि त्यातल्या २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा (आरएनएच्या अक्षरांपेक्षा) लांब, प्रथिन न बनवणाऱ्या प्रतींना आपण लाँग नॉन-कोडिंग म्हणतो. अलीकडे ही मर्यादा ५०० धरावी असं या क्षेत्रातले बरेच जण म्हणतात. २०० हा आकडा तरी कुठे निसर्गाने दिलाय. आरएनए शुद्ध करण्याच्या पद्धतीत लहान तुकडे त्या आसपास गळून जायचे, एवढीच त्याची सोय. अशा आरएनएंपैकी एच-नाइन्टीन १९९०मध्ये वर्णन झाला, एक्सिस्ट १९९१मध्ये. स्त्रियांच्या पेशींतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद करण्याचं काम एक्सिस्ट करतो, आणि त्याबद्दल आज कोणी वाद घालत नाही. म्हणजे असे आरएनए मोठी कामं करू शकतात हे पक्कं. पण यादीत आज हजारो आहेत, आणि त्यातला प्रत्येक जण काहीतरी करतोच असं मानायला आधार नाही. काही नुसतेच लिहिले जातात आणि मोडतात. कॅन्सरची पेशी तर जीनोम वेडावाकडा उघडून बसलेली असते, तिच्यात वाटेल ते लिहिलं जातं. म्हणून ‘कॅन्सरमध्ये वाढलेला दिसतो’ आणि ‘कॅन्सर वाढवतो’ यांच्यामध्ये बरंच अंतर आहे.

आता मॅलॅट-वन. २००३मध्ये जर्मनीतल्या एका गटाने फुप्फुसाच्या कॅन्सरचे सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण घेतले. ज्यांचा पुढे पसरला आणि ज्यांचा नाही, त्यांच्या गाठींतले आरएनए ताडून पाहिले, तेव्हा पसरलेल्यांत जो ठळक वाढलेला होता तो हा. नावातच मेटास्टॅसिस (म्हणजे कॅन्सर दुसऱ्या अवयवांत पसरणं) आणि फुप्फुस दोन्ही आलं, आणि एकदा नाव असं पडलं की पुढचे सगळे त्याच चष्म्यातून बघतात. अकराव्या गुणसूत्रावर याची जागा आहे, लांबी आठ हजार न्यूक्लिओटाइडहून जास्त, पेशीच्या केंद्रकातच राहतो, न्यूक्लिअर स्पेकल नावाच्या ठिपक्यांमध्ये. आणि प्रचंड असतो. बहुतेक लाँग नॉन-कोडिंग पेशीत मोजक्या प्रतींनी असतात, हा हजारोंनी. सस्तन प्राण्यांमध्ये याचा क्रमही चांगला टिकून आहे. म्हणून सगळ्यांना वाटलं, हा काढला तर उंदीर जगायचा नाही. २०१२मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी हे जनुक बंद केलेले उंदीर केले. तिन्ही ठिकाणी उंदीर धडधाकट. पिल्लं नीट, वाढ नीट, स्पेकलही जागच्या जागी. तुमच्या प्रस्तावनेत हे वाक्य यायलाच हवं. बरेच विद्यार्थी ते सोईस्करपणे गाळतात. निरोगी प्राण्यात ज्याच्यावाचून अडत नाही, त्याची गरज कॅन्सरमध्ये का भासावी, हा प्रश्न तिथूनच उभा राहतो.

२०१३मध्ये हायडेलबर्गच्या गटाने फुप्फुसाच्या ए-५४९ पेशींत मॅलॅट-वन जवळपास पूर्ण गायब केला. जनुक कापून न टाकता त्यात आरएनए अस्थिर करणारा तुकडा बसवला. त्या पेशी उंदरात सोडल्यावर गाठी कमी पसरल्या. म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ‘पसरवणारा’ या बाजूला चांगला पुरावा आहे. तुमचा विषय मात्र स्तनाचा.

स्तनाकडे येऊ. दोन्ही पेपरांत पीवायएमटी उंदीर आहे, ज्याच्या स्तनग्रंथीत आपोआप गाठी होतात आणि त्या फुप्फुसात पसरतात. २०१६चं काम कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या डेव्हिड स्पेक्टर यांच्या प्रयोगशाळेतलं. त्यांनी दोन मार्ग वापरले. एक, जनुक बंद असलेला उंदीर. यात जनुकाचं सुरुवातीचं टोक आणि प्रमोटर (जिथून आरएनए-प्रत लिहायला सुरुवात होते तो डीएनएचा भाग) मिळून सुमारे तीन हजार बेसांचा डीएनएच कापलेला. दुसरा, अँटिसेन्स ऑलिगो (त्या आरएनएला चिकटणारा छोटा कृत्रिम तुकडा) टोचून आरएनए तोडणं. दोन्हीकडे गाठी हळू वाढल्या, त्यांच्यात पाण्याच्या पिशव्यांसारख्या पोकळ्या झाल्या, पेशी जास्त ‘शहाण्या’ म्हणजे डिफरन्शिएटेड दिसल्या आणि मेटास्टॅसिस घटला.

२०१८चं काम एमडी अँडरसनच्या ली मा यांच्या गटाचं. त्यांनी वापरलेल्या उंदरात डीएनए कापलेला नव्हता. मधे काहीतरी घुसवून आरएनए लिहिणं सुरुवातीलाच थांबवलेलं होतं. शेजारच्या जनुकांना धक्का लागला नाही ना, हे त्यांनी तपासलं. मेटास्टॅसिस वाढला. मग त्यांनी मॅलॅट-वनची प्रत जीनोममध्ये दुसरीकडेच बसवली, आणि वाढलेला मेटास्टॅसिस परत खाली आला. माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरपेशींतही काढल्यावर वाढ, परत दिल्यावर घट. कारण म्हणून त्यांनी दाखवलं की मॅलॅट-वन टीड नावाच्या प्रथिनाला धरून ठेवतो. टीडला वायएपी हे दुसरं प्रथिन येऊन मिळालं की पसरण्याची जनुकं चालू होतात. मॅलॅट-वन ती भेट होऊ देत नाही.

आता पहिला प्रश्न लावा: नेमकं काय काढलं? चौकातली चहाची टपरी उचलली आणि वाहतूक मोकळी झाली, तर चहा वाहतूक अडवत होता असं आपण म्हणत नाही. टपरीने अडवलेली जागा मोकळी झाली असं म्हणतो. लाँग नॉन-कोडिंगच्या जनुकात तीन गोष्टी एकाच पत्त्यावर असतात: तो आरएनए, तो लिहिला जाण्याची क्रिया, आणि ज्यावर शेजारच्या जनुकांचे स्विच बसलेले असू शकतात असा डीएनए. तीन हजार बेस प्रमोटरसकट कापले की तिन्ही एकदम जातात. २०१२च्या ज्या उंदरात हे कापलं होतं, त्यात मॅलॅट-वनच्या आसपासच्या काही जनुकांचं प्रमाण बदललेलं दिसलंही होतं.

हे नुसतं तर्काचं नाही. पीव्हीटी-वन घ्या. आठव्या गुणसूत्रावर मिक या कॅन्सर वाढवणाऱ्या जनुकाच्या शेजारी बसलेला हा लाँग नॉन-कोडिंग. कॅन्सरमध्ये दोघं बऱ्याचदा एकत्रच वाढतात, म्हणून याला मिकचा साथीदार म्हणून ढीगभर पेपर आहेत. २०१८मध्ये दिसलं की स्तनाच्या कॅन्सरपेशींत पीव्हीटी-वनचा प्रमोटर दाबला की पेशी जास्त जोमाने वाढतात. कारण तो प्रमोटर आणि मिकचा प्रमोटर एकाच एन्हान्सरसाठी (जनुकाचं काम वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यासाठी) भांडत होते. एक हटला, दुसऱ्याला रान मोकळं. आरएनएचा त्यात हातच नव्हता. एकाच पत्त्यावर आरएनए एका दिशेला आणि डीएनए दुसऱ्या दिशेला ओढत असू शकतो, हे त्या कामानंतर तरी कोणी विसरू नये.

मग २०१६चा निकाल डीएनए कापल्यामुळे आला असं म्हणून मोकळं व्हायचं का? नाही, आणि इथेच व्हायव्हात परीक्षक तुम्हाला धरतील. त्या पेपरात अँटिसेन्सनेही तेच दिसलं, आणि अँटिसेन्स डीएनएला हात लावत नाही. तो आरएनएला चिकटतो आणि पेशीतलं आरएनेज-एच हे एन्झाइम त्या जोडीतला आरएनए तोडतं. पण त्यालाही एक उपकलम आहे. २०२०मध्ये दाखवलं गेलं की अँटिसेन्स अजून लिहिला जात असलेला आरएनएसुद्धा तोडू शकतो, आणि तसं झालं की पुढचं लिहिणंच थांबतं. म्हणजे ‘फक्त आरएनए गेला, क्रिया चालू राहिली’ असं अँटिसेन्सबद्दलही डोळे झाकून म्हणता येत नाही. आरएनएच्या शेवटच्या टोकाकडे चिकटणारा ऑलिगो त्यातल्या त्यात कमी गोंधळ घालतो. शिवाय ऑलिगोचे स्वतःचे उपद्व्याप असतात: चुकीच्या आरएनएला चिकटणं, यकृताला त्रास, प्रतिकारशक्ती चाळवणं.

माझं मत विचाराल तर, ‘मॅलॅट-वनचा आरएनए स्वतः काय करतो’ एवढ्याच प्रश्नावर २०१८ची मांडणी मला जास्त घट्ट वाटते, कारण तिथे परत घालून परिणाम उलटवून दाखवलाय. या क्षेत्रात परत घालून दाखवणारे थोडे, आणि घातलेली प्रत मूळ जागेपासून लांब बसवून दाखवणारे त्याहून थोडे. पण ‘रुग्णाला अँटिसेन्स दिला तर काय होईल’ या प्रश्नावर २०१६चं अँटिसेन्सचं काम जास्त जवळचं आहे, कारण औषध झालंच तर ते तशाच रूपात येईल. दोन पेपर दोन प्रश्नांची उत्तरं देतायत. तुमच्या गाइडना हे याच भाषेत सांगा. ‘सर, ऑन्कोजीन म्हणू नये’ असं तोंडावर म्हणण्यापेक्षा बरं पडेल.

दुसरा प्रश्न, कुठल्या पेशीत? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. २०१७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने क्रिस्पर-आय (डीएनए न कापता जनुक दाबण्याची पद्धत) वापरून १६,४०१ लाँग नॉन-कोडिंग जागा सात पेशीरेषांत (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणांत) एकेक करून दाबल्या. पेशींच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या निघाल्या ४९९. आणि त्यातल्या ८९ टक्क्यांचा परिणाम एकाच प्रकारच्या पेशीत दिसला, बाकीच्यांत नाही. हा आकडा मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. प्रथिनांच्या जगात पी-५३ किंवा मिक जवळपास कुठेही गेलात तरी ओळखीचं वागतात. लाँग नॉन-कोडिंगकडून ती अपेक्षा ठेवू नका. फुप्फुसात एक आणि स्तनात दुसरं, किंवा ईआर-पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असलेल्या) गाठीत एक आणि ट्रिपल निगेटिव्हमध्ये (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेल्या गाठीत) दुसरं, हा विरोधाभास नाही, ही इथली रीतच आहे.

तुमच्या मेसेजमध्ये टीसीजीए या कॅन्सरच्या सार्वजनिक डेटासंचाचा आलेख होता: गाठीत मॅलॅट-वन किती, बाजूच्या निरोगी भागात किती, आणि खाली किती रुग्ण किती काळ जगले हे दाखवणारा केएम आलेख. त्याच्यावर फार मजले चढवू नका. स्तनाचा ‘निरोगी’ तुकडा म्हणजे बराचसा चरबी. गाठ म्हणजे दाटीवाटीने भरलेल्या पेशी. फरक पेशींच्या मिश्रणाचाही असतो. टीसीजीएचा बहुतेक आरएनए-सीक्वेन्सिंग डेटा पॉली-ए शेपूट (आरएनएच्या टोकाला असलेली ए अक्षरांची माळ) पकडून केलेला आहे, आणि मॅलॅट-वनचं शेपूट नेहमीच्या पद्धतीने तयारच होत नाही. त्याचं टोक आरएनेज-पी तोडतं, तेच जे टीआरएनए घडवताना वापरलं जातं, आणि उरलेलं टोक स्वतःभोवती तीन पदरी गुंडाळून स्वतःला वाचवतं. पकडला जातो तो जीनोममध्येच लिहिलेल्या ए-बहुल पट्ट्यामुळे. म्हणून त्याच्या मोजमापाकडे जरा सांभाळून बघावं. जगण्याच्या आलेखात ‘सर्वोत्तम कटऑफ आपोआप निवडा’ हा पर्याय टिकलेला असेल तर तो काढा. सगळे कटऑफ तपासून सगळ्यात छान पी-व्हॅल्यू देणारा निवडला, की पी-व्हॅल्यूला अर्थ राहत नाही. मीडियनवर कापा, जे येईल ते दाखवा, सबटाइप वेगळे करून पुन्हा दाखवा.

आता प्रयोगशाळेतल्या बाकावरची गोष्ट, जिथे निम्मी डिझर्टेशनं बुडतात. नेहमीचा सल्ला असतो, क्यूपीसीआरचे (आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचे) प्रायमर, म्हणजे मोजायची जागा ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, दोन एक्झॉनांच्या (जनुकातल्या, शेवटच्या आरएनएत उरणाऱ्या भागांच्या) सांध्यावर घ्या, म्हणजे नमुन्यात राहिलेला डीएनए मोजला जाणार नाही. मॅलॅट-वनचा मुख्य प्रकार एकाच एक्झॉनचा, सांधा आणायचा कुठून? म्हणून ट्रायझॉलने आरएनए काढल्यावर डीएनए तोडणारं डीएनेज द्यायचं, आणि प्रत्येक नमुन्यासाठी रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली प्लेटवरची एक विहीर लावायची. ती विहीर म्हणजे शोभा नाही. समजा मॅलॅट-वनचा सीटी (मोजण्याइतकी खूण दिसेपर्यंत लागलेली चक्रं) १८ आला आणि त्या विहिरीचा २६. फरक ८ चक्रांचा, म्हणजे २५६ पट. डीएनएचा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी, चालेल. पण त्याच प्लेटवर हॉटएअर हा दुसरा लाँग नॉन-कोडिंग मोजत असाल, ज्याच्या प्रती कितीतरी कमी, आणि नमुना ३१ला व ती विहीर ३३ला आली, तर फरक फक्त चौपट. तुम्ही आरएनए म्हणून जे मोजताय त्यातला पाव हिस्सा डीएनए आहे. आणि एमसीएफ-७मध्ये डीएनएच्या प्रती वेगळ्या, एमडीए-एमबी-२३१मध्ये वेगळ्या. म्हणजे दोन पेशीरेषांमधला तुमचा ‘फरक’ तिथूनच येऊ शकतो.

नमुन्यांचंही तेच. पेशी एनसीसीएसच्या (पुण्यातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या) भांडारातून आणल्या असतील तर उत्तम. मित्राच्या लॅबमधून फ्लास्क उचलून आणला असेल तर आधी मायकोप्लाझ्मा या जंतूचा संसर्ग आहे का ते तपासा. आरएनए उणे ८०ला ठेवताना फ्रीजर जनरेटरवर आहे का विचारून घ्या. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको, आणि मे महिन्यात फ्रीजर गरम व्हायला वेळ लागत नाही. मॅलॅट-वन भरपूर आणि चिवट असल्यामुळे खराब आरएनएतही तो छान दिसतो आणि बाकीचे पडलेले असतात. मग प्रमाण काढलं की तो ‘वाढलेला’ वाटतो. आधी जेलवर रायबोसोमच्या आरएनएच्या २८-एस आणि १८-एस या दोन पट्ट्या स्वच्छ बघा, मग पुढे.

गायब कसा करायचा? एसआयआरएनएची (लहान आरएनए वापरून जनुक दाबण्याची) यंत्रणा मुख्यतः केंद्रकाबाहेर चालते आणि मॅलॅट-वन आत बसलेला. काम अर्धंमुर्धं होतं. गॅपमर (वरच्या अँटिसेन्स ऑलिगोचाच प्रकार) घ्या, वेगवेगळ्या जागी चिकटणारे दोन, आणि दोन्हींनी एकच परिणाम दिला तरच तो लिहा. मागवायला आठवडे लागतात, म्हणून ऑर्डर आजच टाका. स्क्रॅच टेस्ट (पेशींच्या थरावर रेघ मारून ती किती भरते ते बघणं) करणार असाल तर सीरम कमी करा, नाहीतर रेघ भरून येते ती पेशी सरकल्या म्हणून की वाढल्या म्हणून, कळायचं नाही. आणि रेघ मारणारा हात सगळ्या प्लेटांना एकाच माणसाचा असू द्या.

स्पंजबद्दल न विचारताच सांगतो, कारण तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तो आहे. ‘मॅलॅट-वन अमुक मायक्रोआरएनए (जनुकांना दाबणारा लहान आरएनए) स्पंजसारखा शोषून घेतो, म्हणून तमुक जनुक वाढतं’ अशी वाक्यं शेकड्याने सापडतील. २०११मध्ये ही कल्पना मांडली गेली तेव्हा मोहक होती. पण हिशोब लावा: एखाद्या मायक्रोआरएनएला पेशीत चिकटायला हजारो जागा असतात, त्यात भर घालणाऱ्या एका आरएनएने फरक पडायला त्याच्या प्रती बेसुमार हव्यात. मॅलॅट-वनकडे प्रती आहेत, पण तो केंद्रकात आणि मायक्रोआरएनए बहुतांशी बाहेर. यावर बोलायचं तर आधी केंद्रक आणि सायटोप्लाझम वेगळं करून मॅलॅट-वन कुठे किती ते दाखवावं लागतं. या विषयात एका साच्यातून काढलेले पेपर बरेच आहेत: तीच वाढ-चाचणी, तीच ट्रान्सवेल (पेशी पडद्यातून पलीकडे जातात का ही चाचणी), तेच एकेटी प्रथिन, फक्त आरएनएचं आणि अवयवाचं नाव बदललेलं. काहींमध्ये छापलेला प्रायमरचा क्रम त्या जनुकाचाच नसतो. ऑस्ट्रेलियातल्या जेनिफर बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे क्रम तपासून चुकीचे पकडून दाखवलेत. तुम्ही उचललेला कुठलाही प्रायमर वापरण्याआधी ब्लास्ट करा, म्हणजे त्याचा क्रम डेटाबेसशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम.

तर चार-पाच महिन्यांत कॉलेजच्या लॅबमध्ये होण्यासारखं मला दिसतं ते असं. दोन पेशीरेषा, एक ईआर-पॉझिटिव्ह, एक ट्रिपल निगेटिव्ह. केंद्रक आणि सायटोप्लाझम वेगळं करून मॅलॅट-वनची जागा दाखवा. बरोबर यू-सिक्स (केंद्रकातला) आणि जीएपीडीएच (सायटोप्लाझममधला) हे दोन आरएनएही मोजा, म्हणजे विभागणी नीट झाली हे कळेल. दोन गॅपमर, पेशींचं सरकणं, आणि टीड-वायएपीची सीटीजीएफ आणि सिर-६१ ही दोन जनुकं वर जातात का खाली, एवढं मोजा. २०१८चं म्हणणं बरोबर असेल तर मॅलॅट-वन घटल्यावर ती वाढायला हवीत. परत घालून दाखवणं तुमच्या वेळेत बसणार नाही. आठ हजारांवर न्यूक्लिओटाइडचा आरएनए प्लाझ्मिडवरून नैसर्गिक प्रमाणात आणणं सोपं नाही. मर्यादा म्हणून ते स्वच्छ लिहा. शीर्षकातही ‘भूमिका’ काढून ‘दोन पेशीरेषांमध्ये मॅलॅट-वन घटवल्याचा परिणाम’ असं केलंत तर परीक्षकाला चावायला कमी जागा उरेल. आणि निकाल दोन पेशीरेषांत उलटसुलट आले तर घाबरू नका, तसेच मांडा. वरचा ८९ टक्क्यांचा आकडा त्यासाठीच हाताशी ठेवा.

आता मावशी. कामाचा मार्कर व्हायला तो आरएनए कॅन्सर घडवणारा असण्याची गरज नाही, हेही यातून शिकण्यासारखं आहे. प्रोस्टेटचा पीसीए-थ्री बघा: तो तिथे काय करतो यावर एकमत व्हायच्या आधीच, २०१२मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याची लघवीची चाचणी मान्य केली, आधीची बायॉप्सी निगेटिव्ह आलेल्या पुरुषांत पुन्हा करावी का हे ठरवायला मदत म्हणून. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींत तो भरपूर असतो आणि इतरत्र जवळपास नसतो, एवढंच पुरलं. मॅलॅट-वन तसा नाही. तो निरोगी पेशींतही ढिगाने असतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याच्या आकड्यावरून आज कुठलाही उपचार ठरत नाही, आणि त्याच्यावर चालणारं मान्यताप्राप्त औषधही नाही. त्यामुळे रिपोर्टात तो नाही यात काहीच चुकलेलं नाही. बाहेरून करून आणलात तरी ऑन्कॉलॉजिस्ट त्या कागदाचं काही करू शकणार नाहीत. पैसे वाचवा.

त्याऐवजी तिच्या रिपोर्टात ईआर, पीआर (दोन्ही हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (गाठीच्या वाढीशी जोडलेलं प्रथिन) या तीन ओळी शोधा. हर-टूपुढे ‘२+’ लिहिलं असेल तर तो ना होकार ना नकार. त्यावर फिश चाचणी (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी) झाली का, झाली असेल तर निकाल काय, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. तिचं औषध त्या ओळीवर बदलू शकतं.